उणे ३० च्या थंडीआधी डिझेल पिकअपची तयारी

कॅनडात एडमंटन, कॅलगरीकडे डिझेल पिकअप चालवत असाल तर कडाका सुरू व्हायच्या आत ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेवरचा हीटर) एकदा प्लगला लावून बघाच, नाहीतर उणे ३० च्या सकाळी कळतं की वायर तुटलीय आणि तेव्हा काही करता येत नाही. रात्रभर लावायची गरज नसते, टायमर लावा, निघायच्या आधी ३-४ तास पुरतात, वीजपण वाचते.

खरा त्रास डिझेलचा. थंडीत त्यातलं मेण गोठतं, फिल्टर चोक होतो, गाडी सुरू होते आणि थोडं अंतर गेली की बंद. तिकडचे पंप हिवाळ्यात विंटर डिझेलच (थंडीत सहज न गोठणारं) देतात पण टाकीत उन्हाळ्यातलं उरलं असेल तर ते आधी संपवा. अँटी-जेल (डिझेल गोठू नये म्हणून घालायचं रसायन) टाकायचं तर डिझेल भरायच्या आधी टाका म्हणजे नीट मिसळतं, एकदा जेल झालं की त्याचा उपयोग नाही. फिल्टर नवीन घाला, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा (हे हमखास राहून जातं) आणि एक स्पेअर फिल्टर गाडीत ठेवाच.

बॅटरी उणे १८ ला जवळपास निम्मीच ताकद देते, दोन असतील तर दोन्ही लोड टेस्ट (ताण देऊन तपासणी) करून घ्या. कूलंट ५०-५० (अर्धं अँटीफ्रीझ, अर्धं पाणी) असेल तर साधारण उणे ३७ पर्यंतच चालतं. ऑइल मॅन्युअलमध्ये थंडीसाठी दिलंय तेच. आणि प्लीज, ग्लो प्लगवाल्या (सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारे प्लग असलेल्या) इंजिनात चटकन सुरू करायला म्हणून ईथरचा स्प्रे मारू नका, आत भडका उडून इंजिनच फुटू शकतं, ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच स्टार्टर मारा.