अंदमानात स्नॉर्केलिंगला जाताय? या चुका बोटीत बसण्याआधीच टाळा

अंदमानहून परतलेल्या माणसाला सेल्युलर जेलबद्दल विचारा, तो तासभर बोलेल. सावरकरांची कोठडी, तेलाचा घाणा, संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, सगळं. मग स्नॉर्केलिंगचं, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी (स्नॉर्केल) लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे-प्रवाळ बघण्याचं, विचारा. "हो, केलं ना. दहा मिनिटं असेल. नाकातोंडात पाणी गेलं, दोन-चार मासे दिसले." विषय तिथेच संपतो.

पहिल्या खेपेला माझंही हेच झालं आणि सगळा राग मी बोटवाल्यावर काढला. दुसऱ्या खेपेला कळलं की त्याचा वाटा थोडाच होता. बाकीचा घोळ मी हॉटेलातून निघतानाच बरोबर घेतला होता.

भरती-ओहोटी न बघता दिवस ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि कोकणातला माणूससुद्धा ती करतो. गोव्याला जाऊन आलेल्यांना तर वाटतं, समुद्र कधीही गेलं तरी तिथेच असतो. अंदमानात तो तिथे नसतो. शहीद द्वीपावर, म्हणजे जुन्या नील बेटावर, भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी खूप मागे सरतं आणि प्रवाळाचा खडबडीत सडा उघडा पडतो. काचेच्या तळाच्या बोटी थांबतात. जिथे पाणी असतं तिथेही ते गुडघाभर. पोहायला गेलात तर पोट आणि गुडघे खरचटून घ्याल, शिवाय प्रवाळ तुटेल ते वेगळंच.

आमच्या पॅकेजमध्ये "सकाळी भरतपूर, दुपारी नॅचरल ब्रिज" असं छापलं होतं. त्या दिवशी सकाळी ओहोटी होती, दुपारी भरती. गंमत बघा, लक्ष्मणपूरचा तो खडकाचा नैसर्गिक पूल बघायचा तर ओहोटीच हवी, कारण भरतीला तिथपर्यंत चालत जाता येत नाही. म्हणजे दोन्ही ठिकाणी आम्ही नेमक्या चुकीच्या वेळी हजर होतो. क्रम उलटा केला असता तर दिवस सोन्याचा झाला असता.

आपल्याकडचे कोळी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. ते गणित आपल्या किनाऱ्याचं, अंदमानात ते जसंच्या तसं लावू नका. श्री विजयपुरमचं (पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासूनचं नाव) भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाईलवर मिळतं. एवढं लक्षात ठेवा: भरती आणि ओहोटीत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. स्नॉर्केलिंगला भरतीच्या आधीचे एक-दोन तास उत्तम, पाणी चढतं असतं आणि स्वच्छही. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात ओढ जास्त असते. पोहण्याची सवय नसेल तर अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असलेल्या, दिवसांत जा.

मुंबईचं घड्याळ

हातावरच्या घड्याळात वेळ तीच असली तरी सूर्य तिथे मुंबईपेक्षा सुमारे ८० मिनिटं आधी निघतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतोसुद्धा. "आरामात नाश्ता करून दहाला निघू" म्हणणारी मंडळी बेटावर पोचेपर्यंत तिथली दुपार सुरू झालेली असते. बोटी लवकर परत फिरतात आणि तीननंतर पाण्याखालचा उजेड झपाट्याने कमी होतो. पाच-साडेपाचला उठणं तिथे अजिबात जड जात नाही, खिडकीतून लख्ख उजेड आलेला असतो.

कुठल्या बेटावर काय मिळतं, हे न विचारणं

सगळी बेटं सारखीच, असं धरून माणसं पैसे भरतात. नॉर्थ बे हा किनारा (जुन्या २० रुपयांच्या नोटेवरचं दीपगृह तिथलंच) शहरापासून जवळ, म्हणून गर्दीचा. स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक. तिथला एलिफंट बीच प्रवाळासाठी चांगला, पण जेट स्की, पॅरासेलिंग, सी वॉक यांचा बाजारही तिथेच भरतो. पॅकेजमधलं "मोफत स्नॉर्केलिंग" म्हणजे टायरसारखी रिंग धरून वाटाड्याने तुम्हाला ओढत एक फेरी मारून आणणं. ते वाईट नाही, पण तेवढ्यासाठी एवढ्या लांब आलो का? आधीच विचारून घ्या: पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ? एका वाटाड्यामागे किती माणसं? जास्त वेळाचे पैसे किती? हे तीन प्रश्न धक्क्यावर विचारले तर भाव बदलतो, बेटावर पोचल्यावर विचारले तर बदलत नाही.

माझी आवड विचाराल तर जॉली बॉय बेट. वंडूरहून बोट सुटते, परवाना आधी काढावा लागतो आणि सोमवारी बंद असतं. ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. हे उद्यान १९८३ साली झालं. प्रवाळाला विसावा मिळावा म्हणून जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडतात: कोरड्या दिवसांत साधारण जॉली बॉय, पावसाळ्यात रेड स्किन. बेटावर दुकान नाही आणि प्लॅस्टिकला बंदी आहे. वेफर्सची पाकिटं आणि बाटलीबंद पाणी घेऊन गेलात तर तपासणीत अडकाल. स्टीलच्या डब्यात पोळी-चटणी आणि स्टीलचीच बाटली न्या.

मास्क: इथे सगळे हरतात

दहा मिनिटांत बाहेर पडणाऱ्यांपैकी बहुतेकांना समुद्राने हरवलेलं नसतं, मास्कने हरवलेलं असतं.

पाणी आत शिरतं. पहिली तपासणी कोरडेपणीच करा: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा मागा, लाजू नका. गळायला लागल्यावर लोक पट्टा आवळतात आणि इथेच फसतात. जास्त आवळला की रबराची कड मुडपते आणि गळती वाढते. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, ओढ बेताची. कडेखाली केसांची बट आलेली नसावी. डोक्याला नारळाचं तेल चोपडून आलात तर पट्टा घसरत राहणार. मिशा हे तर वेगळंच प्रकरण. माझ्या मेव्हण्याच्या भरघोस मिशांमुळे दर मिनिटाला त्याच्या नाकापाशी तळं साचायचं. मास्क सिलिकॉनचा असेल तर वरच्या ओठावर व्हॅसलिनचा थर लावा, बराच फरक पडतो. मिशी उतरवायला तो काही तयार झाला नाही.

काच धुरकटते. आतल्या बाजूला थुंकी चोळून समुद्राच्या पाण्यात एकदाच विसळा. किळस येत असेल तर लहान बाळाच्या शॅम्पूचा एक थेंब. त्यानंतर मास्क सारखा कपाळावर चढवू नका, तिथल्या घामाने तो पुन्हा धुरकटतो.

श्वास लागतो. नाक बंद आणि तोंडाने श्वास, याला शरीर आधी नकार देतं. माणूस घाबरून भराभर उथळ श्वास घेतो आणि त्याने अजून घाबरतो. याची सवय घरी करा. बादलीभर पाणी आणि स्नॉर्केल, पाच मिनिटं तोंड बुडवून. घरचे हसतील, हसू द्या. तिथे गेल्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहूनच सुरुवात करा. श्वास लांब सोडायचा, घेणं आपोआप होतं. नळीत पाणी आलं तर डोकं वर न काढता "फू" करून जोरात फुंका. नळीचा रबरी भाग दातांत हलका धरा आणि ओठ बाहेरून मिटा. करकचून चावलात तर जबडा दुखून येईल. कवळी सैल असलेल्या आजी-आजोबांनी ती काढून डबीत ठेवलेली बरी.

चष्मा. मास्कच्या आत चष्मा बसत नाही. काही डायव्हिंग केंद्रांत नंबरचे मास्क मिळतात, आदल्या दिवशी फोन करून विचारा. नंबर थोडाच असेल तर चालून जातं, पाण्यात वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपटीवर, म्हणजे जवळ आणि मोठ्या दिसतात.

"रंगच दिसले नाहीत." ही तक्रार फार ऐकतो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, त्यामुळे थोड्या खोलीवरच सगळं निळं-हिरवट दिसायला लागतं. जाहिरातीतले फोटो पाण्याखाली दिवे लावून काढलेले असतात. शिवाय २०१० साली समुद्राचं पाणी तापल्यामुळे अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं, काही भाग अजून सावरतो आहे. निरोगी प्रवाळही बहुतांशी तपकिरी-खाकीच असतं. ऊन डोक्यावर असताना उथळ जागी बघा आणि एका जागी तरंगत थांबा. इकडून तिकडे हात मारत फिरणाऱ्याला मासे दिसत नाहीत, थांबणाऱ्याभोवती ते परत येतात.

बोट लागणं

उपाशीपोटी बरं, हा गैरसमज. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. तासभर आधी हलकं खा. मिसळ किंवा पुरी-भाजी परतल्यावर. अव्होमिनसारखी गोळी घेणार असाल तर निघण्याच्या तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. तिने झोप येते आणि ती प्रत्येकाला चालतेच असं नाही, म्हणून डॉक्टरांना घरीच विचारून ठेवा. आलेपाकाची वडी खिशात असावी. बसायचं मागच्या बाजूला, मध्यावर, नजर क्षितिजाकडे. फोटो कसे आले ते बघायला मोबाईल काढलात की संपलं.

बोटीतली माणसंही मोजा. २६ जानेवारी २०१४ रोजी याच समुद्रात क्षमतेपेक्षा जास्त पर्यटक भरलेली बोट उलटून २१ जणांचा जीव गेला होता. लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरत नसतील, तर त्या बोटीत चढायचं नाही. मुलांना मुलांच्याच मापाचं हवं. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून येतं.

अंगावर काय

पाठ वर करून तरंगायचं असतं, म्हणून पाठ, मान आणि गुडघ्यांच्या मागचा भाग भाजून निघतो. तोंडाला क्रीम लावून माणूस निर्धास्त असतो आणि रात्री उताणं झोपता येत नाही. पूर्ण बाह्यांचा, पटकन वाळणारा टी-शर्ट आणि लेगिंग याला तोड नाही. सुती सलवार-कुर्ता पाणी पिऊन जड होतो, ओढणी तर नकोच. मंगळसूत्र, अंगठी हॉटेलात ठेवा. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी सुटली ते कळत नाही. माझ्या समोर एका नवीन जोडप्याने अर्धा दिवस वाळू चाळण्यात घालवला होता.

हात लावणं, उचलून आणणं

दमलो म्हणून प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो दगड दिसला तरी जिवंत आहे, आणि त्यातले गोटीसारखे गोल प्रकार वर्षाला फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतात. खरचटलं तर जखम साबण-पाण्याने नीट धुऊन औषध लावा. "खाऱ्या पाण्याने बरी होते" म्हणून सोडून दिलेली जखम चिघळते.

माशांना पाव-चिवडा घालू नका. आणि देवघरासाठी शंख, शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा? किनाऱ्यावर मेलेला पडलेला असला तरीही नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विमानतळावर सामान तपासतात, पिशवीतून तो निघाला की पुढचा मनस्ताप तुमचा.

आणखी एक. वंडूरसारख्या काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींबद्दल फलक लावलेले आहेत. पोहण्याची जागा जाळीने आखलेली असेल तर जाळीच्या आतच. खाडीचं तोंड आणि तिवरांची कड, इथे संध्याकाळी पाय भिजवायलाही जाऊ नका. "इतकी वर्षं काही झालं नाही" असं सांगणारा कोणी तरी भेटतोच. त्याचं ऐकायचं नाही.

बेटाचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवणं

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचाही काळ. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवेमुळे हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते, नौदलाला जावं लागलं. फेरी रद्द झाली की पैसे मिळतात, विमान मात्र थांबत नाही. त्यामुळे बाहेरची बेटं आधी, शहर शेवटी. शांत पाणी हवं असेल तर जानेवारी ते एप्रिल.

स्नॉर्केलिंगनंतर लगेच विमानात बसायला हरकत नाही. पण बेटावर कोणी "चला सर, स्कूबा पण करून टाका" (म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल जाणं) म्हटलं आणि तुम्ही भुललात, तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त केल्या तर किमान १८ तास विमान नको. पूर्ण दिवस मोकळा ठेवलात तर उत्तम. त्या दिवशी सेल्युलर जेल बघा. त्याला भरती-ओहोटी नाही, फक्त सुट्टीचा वार तेवढा तपासून घ्या.