फायनल्सचं स्टेडियम रिकामं दिसतंय? आधी कॅमेरा कुठंय ते बघा

ऑगस्ट आला की आमच्या बँडवाल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येतोच येतो. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचं ल्युकस ऑइल स्टेडियम, खाली मैदानावर एखादा जबरदस्त ड्रम कोर शो करतोय आणि मागे निळ्या खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी रिकाम्या. फोटोबरोबर वाक्य ठरलेलं, बघा आता कोणी येत नाही, संपलं सगळं. मी पण पहिल्या वर्षी हळहळलो होतो, खोटं कशाला बोलू. मग स्वतः जाऊन बसलो आणि कळलं की ज्या बाजूला मी बसलोय ती बाजू त्या फोटोत कधी येतच नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ड्रम कोर म्हणजे मुख्यतः ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), ड्रम-पर्कशन आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड, २२ वर्षांपर्यंतची पोरं, सगळा उन्हाळा बसमधून गावोगाव फिरतात आणि ऑगस्टमध्ये चॅम्पियनशिप होते. ती भरवणारी संस्था डीसीआय, म्हणजे ड्रम कोर इंटरनॅशनल. स्पेलिंग बघून कॉर्प्स म्हणू नका, कोरच म्हणायचं, मी वर्षभर कॉर्प्स म्हणत होतो आणि मुलगी दर वेळी कपाळावर हात मारायची. तिच्या हायस्कूल बँडमुळेच हे वेड घरात आलं.

तर गर्दी वाढतेय की घटतेय हे स्वतः कसं ठरवायचं ते सांगतो. संशोधन वगैरे नाही हां, एका हौशी बापाची पद्धत आहे, पण नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा बरी.

पहिलं काम, बाजू समजून घ्या. अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला चारही बाजूंनी पब्लिक बसतं, ड्रम कोरचा शो मात्र मुख्यतः एकाच साइडलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या एका लांब बाजूकडे तोंड करून असतो कारण ट्रम्पेटची तोंडं तिकडे, जज तिकडे, सगळी रचना तिकडून बघायला केलेली. हाय कॅम नावाचा जो उंचावरचा कॅमेरा असतो तो पण त्याच बाजूला वर बसवलेला. म्हणजे कॅमेऱ्याची पाठ पब्लिककडे आणि तोंड त्या बाजूकडे जिथे मुळात फार कोणी बसणं अपेक्षितच नाही. आपल्याकडे नाटकाचा फोटो बाल्कनीतून काढला तर त्यात मागचा पडदा येणार, त्यावरून प्रयोग हाऊसफुल्ल होता की नाही ते कसं सांगणार? बस, तेवढंच आहे. हाय कॅमचा फोटो आला की गर्दीच्या हिशोबातून तो सरळ बाद करा.

आणि याचंच दुसरं टोक म्हणजे ल्युकस ऑइलमध्ये फुटबॉलला साठ हजारांच्या वर माणसं बसतात, त्याने भागून टक्केवारी काढणं. हे पण चूक. भागायचं असेल तर त्या दिवशी विक्रीला काढलेल्या खुर्च्यांनी भागा. तिकीट साइटवर सीट मॅप असतो, विक्री सुरू झाली की लगेच एक स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कुठले सेक्शन उघडलेत आणि कुठले मुळातच राखाडी आहेत ते दिसतं. मग महिन्याभराने एक आणि शोच्या आदल्या दिवशी एक. फक्त एक लक्षात ठेवा, मॅपवर जागा विकलेली दिसते म्हणजे ती कुणी माणसाने विकत घेतलीच असं नाही, काही जागा कोरसाठी, स्पॉन्सरसाठी राखून ठेवलेल्या असू शकतात आणि काही रीसेलवाल्यांच्या हातात असतात. त्यामुळे मॅपवरून एकदम आकडा काढू नका, या वर्षी गेल्या वर्षीपेक्षा जास्त सेक्शन उघडले का आणि लवकर भरले का एवढंच त्यातून घ्या.

आता दुसरी गोष्ट, कुठल्या दिवसाबद्दल बोलताय? गुरुवारी प्रिलिम्स, शुक्रवारी सेमीफायनल्स, शनिवारी फायनल्स. गुरुवारी सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक कोर येत राहतात, त्यातले पहिले २५ शुक्रवारी, आणि त्यातले पहिले १२ शनिवारी. गुरुवारी पब्लिक कसं असतं तर एसटी स्टँडसारखं, आपल्या पोराचा कोर झाला की उठले, हॉटेलवर गेले, संध्याकाळी मोठे कोर यायच्या वेळी परत आले. म्हणजे दुपारी तीनला मोजलं तर स्टेडियम ओसाड आणि रात्री नऊला मोजलं तर एकदम वेगळं. शनिवारी मात्र बहुतेक लोक पहिल्या कोरपासून रिझल्ट लागेपर्यंत हलत नाहीत. त्यात तीन दिवसांचा एकत्र आकडा कोणी सांगितला तर जास्तच सावध व्हा, कारण तीन दिवसांचा पास घेतलेला माणूस त्यात तीनदा मोजलेला असतो. आमच्या घरातली चार माणसं या हिशोबात बारा होतात!

तिसरी गोष्ट मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते आणि बरेच लोक इथेच घसरतात. जुन्या काळाशी तुलना. ‘सत्तर-ऐंशीच्या दशकात काय गर्दी असायची’ हे वाक्य प्रत्येक जुन्या फॅनच्या तोंडी असतं. पण तेव्हा चॅम्पियनशिप एका जागी नव्हतीच. १९७२ ची पहिली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली, छोटं कॉलेजचं गाव, तिथे अॅनाहाइम किंग्जमन हा कोर जिंकला. मग इथाका, फिलाडेल्फिया, डेन्व्हर, बर्मिंगहॅम, १९८१-८२ ला तर देशच बदलून कॅनडात माँट्रिऑलचं ऑलिम्पिक स्टेडियम. नंतर मायामी, अटलांटा, मॅडिसन अनेकदा, कॅन्सस सिटी, बफेलो, ऑरलँडो, २००७ ला पॅसाडिनाचा रोझ बोल जिथे जवळपास नव्वद हजार खुर्च्या आहेत. आता सांगा, व्हाइटवॉटर खच्चून भरलं आणि रोझ बोल अर्धाही भरला नाही तर गर्दी घटली म्हणायची का वाढली? फोटोत व्हाइटवॉटर भारी दिसणार आणि माणसं कदाचित रोझ बोलला जास्त असणार.

शिवाय जागा बदलली की माणसंच बदलतात. मिडवेस्टमध्ये, म्हणजे इंडियानापोलिसच्या आसपासच्या राज्यांत, मार्चिंग बँडचं वेड जास्त, अर्ध्या दिवसाच्या ड्रायव्हिंगमध्ये इलिनॉय, ओहायो, मिशिगन, विस्कॉन्सिन सगळं येतं. कॅलिफोर्नियात नेलं की तिकडचे लोक येतात पण ओहायोवाला विमानाचं तिकीट काढायचं की नाही याचा विचार करत बसतो. म्हणून दोन वेगवेगळ्या शहरांतले आकडे शेजारी शेजारी ठेवून रेघ ओढू नका. आणि १९७२ च्या आधीचे आकडे तर या तक्त्यात घेऊच नका, तेव्हाच्या मोठ्या स्पर्धा अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या वार्षिक अधिवेशनाला जोडून असायच्या, त्यामुळे तिथे बसलेला माणूस ड्रम कोरसाठी आला होता की अधिवेशनाला आलाच आहे म्हणून डोकावला होता हे वेगळं काढता येत नाही.

मग तुलना कशाची करायची? माझ्या मते प्रामाणिक पट्टी एकच, २००९ पासूनचं इंडियानापोलिस. २००८ ला पण तिथेच व्हायची होती पण स्टेडियम वेळेत तयार नव्हतं म्हणून ब्लूमिंग्टनच्या युनिव्हर्सिटी मैदानावर उघड्यावर झाली आणि फँटम रेजिमेंट जिंकले. २००९ पासून मात्र तेच शहर, तेच छप्पर, तोच ऑगस्टचा दुसरा आठवडा, पावसाचा प्रश्न नाही. अशी पट्टी दुसरी मिळणार नाही. पण तीसुद्धा मधे तुटलेली आहे, २०२० ला कोविडमुळे सगळं रद्द आणि २०२१ ला कार्यक्रम झाला पण स्पर्धा नव्हती, स्कोअर नाही, विजेता नाही. त्यामुळे २०२१ वेगळं ठेवा, आणि २०२२ बद्दल पण जरा जपून, तीन वर्षं उपाशी असलेले फॅन आणि १९७२ पासूनचं ५० वं वर्ष, दोन्ही एकत्र आलं. तो उसळलेला आकडा धरून पुढच्या वर्षी ‘घसरण’ दाखवणारे लोक मला भेटलेत. २०१९ ची २०२३ किंवा त्यानंतरच्या वर्षांशी तुलना करा, ते जास्त बरोबर.

आता प्रत्यक्ष स्टेडियममध्ये मोजायचं कसं. वरच्या मजल्याचं तिकीट घ्या, स्वस्त पण पडतं आणि ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या पोरांच्या बदलत्या रचना, पण वरूनच छान दिसते. शक्यतो कोपऱ्याकडची जागा, म्हणजे आपलीच बाजू तिरकी दिसते. शनिवारी शेवटचे चार कोर उरले असतील तेव्हा, दोन शोच्या मधल्या वेळात, फोटो काढा. इंटरमिशनला काढू नका, अर्धं पब्लिक नाचोजच्या लाइनीत असतं. नंतर घरी निवांत बसून तीन सेक्शन निवडा, एक मधला, एक २० यार्ड लाइनच्या (मैदानाच्या टोकाकडच्या रेघेच्या) आसपासचा, एक अगदी कडेचा. समजा एका सेक्शनमध्ये २० ओळी आणि ओळीत २४ खुर्च्या, म्हणजे ४८०, त्यात १२० रिकाम्या दिसल्या तर पाऊण भरला. असं तिन्हीचं काढा. मधला सेक्शन कायम भरलेलाच असतो, तो बघून काही कळत नाही, खरी गोष्ट कडेचा सेक्शन सांगतो. लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगा भरतातच, शेवटच्या पंगतीला किती पानं मांडली त्यावरून वऱ्हाड कळतं, तसंच.

बसून मोजायचा कंटाळा असेल तर पैशाच्या बाजूने जा. डीसीआय ना-नफा संस्था आहे आणि अमेरिकेत अशा संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो, तो कोणालाही ऑनलाइन फुकट वाचता येतो. त्यात कार्यक्रमांतून किती उत्पन्न आलं ते दिसतं. पण ती रक्कम पूर्ण सीझनची असते, नुसत्या फायनल्सची नाही, आणि तिकिटाचे दर वाढले की माणसं तेवढीच राहून पण उत्पन्न फुगतं. त्यामुळे जुनी तिकिटं जपून ठेवा, त्याच सेक्शनचा तेव्हाचा दर आणि आताचा दर बघा. उत्पन्न दराच्या मानाने कमी वाढलं असेल तर कुठेतरी माणसं कमी झाली असा संशय घ्यायला जागा आहे. संशयच हां, पुरावा नाही.

अजून एक हिशोब करून बघा, गर्दीत घरचे किती? एका कोरमध्ये एकेकाळी जास्तीत जास्त १२८ पोरं असायची, ती मर्यादा वाढत वाढत १५० च्या वर गेली. १२ फायनलिस्ट धरले आणि प्रत्येकी १५०, म्हणजे १८०० पोरं. प्रत्येकामागे समजा तीन माणसं आली, आई, बाप, आजी, की झाले ५४००. हे लोक शो कसा आहे ते बघून येत नाहीत, आपलं पोर आहे म्हणून येतात, आणि पोराचं वय संपलं की बरेचसे परत दिसत नाहीत. म्हणून गर्दी टिकलेली दिसली तरी आत काय चाललंय ते वेगळं असू शकतं. टी-शर्ट बघा. एखाद्या सेक्शनमध्ये एकाच कोरचे टी-शर्ट घालून सगळे बसलेत आणि तो कोर झाला की निम्मे उठून कॉरिडॉरमध्ये गेले, तर ते कुटुंबवाले. आणि १९८० सालचं विरलेलं जॅकेट घालून बारापैकी बारा कोर बघणारे आजोबा, ते खरे गिऱ्हाईक. ही मंडळी दरवर्षी किती दिसतात ते मी मुद्दाम बघतो. कोर बंद पडतात त्याचा फटकाही इथेच बसतो, २०२४ मध्ये द कॅडेट्स बंद झाले, दहा वेळा चॅम्पियन झालेला कोर, त्यांचे जुने लोक आता कोणासाठी येणार?

घरी बसून बघणाऱ्यांना पण विसरू नका. १९७५ पासून पीबीएस या टीव्ही वाहिनीवर फायनल्स दिसायला लागल्या, २००४ पासून गुरुवारचा शो सिनेमाघरात लाइव्ह, आणि नंतर फ्लोमार्चिंग या ऑनलाइन साइटवर पैसे भरून अख्खा सीझन. खुर्ची रिकामी झाली म्हणजे माणूस गेलाच असं नाही, कदाचित तो सोफ्यावर आहे. न्यू जर्सीतला आमचा एक मित्र इंडियानापोलिसला येतच नाही, तो पेनसिल्व्हेनियात अॅलनटाउनला उघड्या मैदानावरचा दोन रात्रींचा शो बघतो, बंद छपराखाली आवाज घुमतो म्हणतो, आणि फायनल्स टीव्हीला लॅपटॉप जोडून. त्याला फॅन नाही म्हणायची माझी हिंमत नाही. आवाजाबद्दल तर तो बरोबरच आहे, कडेच्या सेक्शनमध्ये बसलात तर ड्रमचा ठोका दोनदा ऐकू येतो.

तर पुढच्या ऑगस्टला जाणार असाल तर आत्ताच एक वही किंवा एक्सेल शीट करा, साल, दिवस, वेळ, सेक्शन, भरलेल्या ओळी, तिकिटाचा दर, एवढेच रकाने. गावं बदलू नका, दिवस बदलू नका, मोजायचे सेक्शन बदलू नका. दोन वर्षांच्या आकड्यांवर बोलू नका, चार-पाच झाले की मग बोला. आणि फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, मागच्या वेळी माझ्या पुढच्या आजींनी वळून असं काही बघितलं की मी एक अख्खा सेक्शन मोजायचा विसरलो.