पुडा आणायचा का नाही? आधी पोराचा वाडगा तराजूवर ठेवा

बायको सकाळच्या शाळेत शिकवते, साडेसहाला घर सोडते. त्यामुळं पोरांचा नाष्टा माझ्याकडं. थोरला सात वर्षांचा, धाकटी चारची. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, जनरल शिफ्ट. सकाळी हातात चाळीस मिनिटं असतात, त्यात दोन डबे, एक वेणी आणि नाष्टा. दोन वर्षं मी दुधात घालून खायच्या चॉकलेटी गोळ्यांचा, म्हणजे तयार सिरियलचा पुडा उघडायचो, वर दूध ओतायचो आणि पोरांच्या पोटात दूध तरी जातंय म्हणून निश्चिंत व्हायचो.

मग थोरल्याची दाढ किडली. दातांच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "सकाळी काय खातो?" मी सांगितलं. "किती खातो?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. दिवसभर कास्टिंग मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोराचं खाणं सांगता येईना, हे मला फार लागलं.

म्हणून पहिलं काम हेच करा. स्वयंपाकघरात छोटा तराजू असेल तर काढा, नसेल तर शेजारून आणा. रिकामा वाडगा ठेवून काटा शून्यावर आणा आणि रोज ओतता तेवढंच ओता. मुद्दाम कमी ओतू नका. आमच्या पुड्यावर एका वेळचं प्रमाण ३० ग्रॅम लिहिलं होतं. थोरल्याच्या वाडग्यात भरले ६० ग्रॅम. मी परत ओतून बघितलं, ५८.

आता पुडा उलटा करा. पुढच्या बाजूला गव्हाची लोंबी असते, दुधाचा फवारा असतो, वाघ-अस्वल काहीतरी असतं. ते सोडा, मागचा तक्ता बघा. त्यात १०० ग्रॅममागे एकूण साखर किती आणि वरून घातलेली साखर किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. आपल्याला वरून घातलेली बघायची. आमच्या पुड्यावर आकडा होता ३२. म्हणजे ६० ग्रॅमच्या वाडग्यात १९ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साखरेचा मी तोलला, ४ ग्रॅम भरला. पावणेपाच चमचे! एका स्टीलच्या वाटीत तेवढी साखर काढून ओट्यावर ठेवली आणि बायको शाळेतून आल्यावर दाखवली. ती काही बोलली नाही, वाटी उचलून डब्यात रिकामी केली. तुम्हीही एकदा वाटीत काढूनच बघा. आकडा डोक्यात राहत नाही, वाटी राहते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की दिवसभराच्या एकूण उष्मांकात अशा साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी बरं. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे ८५ कॅलरी आणि १ ग्रॅम साखरेला ४ कॅलरी, म्हणजे जेमतेम २१ ग्रॅम. त्यातले १९ सकाळी सातलाच संपले. दुधात दोन चमचे साखर घालत असाल तर पोरगं घराबाहेर पडायच्या आधी मर्यादा ओलांडली. दुधाची स्वतःची गोडी यात धरायची नाही, ती वेगळी.

त्याच तक्त्यात अजून एक गोष्ट फसवते. आमच्या पुड्यावर साखरेपुढं १९ टक्के लिहिलं होतं, वाचून वाटतं ठीक आहे. पण ही टक्केवारी २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाच्या दिवसाची असते, साखरेची मर्यादा त्यात दिवसाला ५० ग्रॅम धरलेली असते, आणि १९ टक्के हेही फक्त ३० ग्रॅम खाल्ले तर. माझ्या पोरासाठी तो हिशोब लागूच होत नाही.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, सगळ्यात जास्त असेल ते पहिलं. आम्ही फौंड्रीत चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, काय किती पडलं ते बघतो, तशी ती बघा. पहिल्या तिनात साखर असेल तर तो खाऊ आहे. आणि साखर एकाच नावानं येते असं नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, मध, माल्ट अर्क अशी वाटून लिहिली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. बेरीज आपण करायची.

इथं आमच्या आबांचा विषय काढावाच लागेल. कागलकडं आमचं वडिलोपार्जित गुऱ्हाळ होतं, आबांची हयात रस आटवायच्या काहिलीशेजारी गेली. मी वाटी दाखवली तर म्हणाले, "साखर नगं तर गूळ घाल की त्यात. आपल्या घरचा." मला गप्प बसणं सोपं होतं. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आबांनी गल्लीत पेढे वाटले होते. तरी सांगितलं, "आबा, गूळ चवीला सरस, लोहही थोडं जास्त. पण पोराच्या दाताला त्यो साखरच की ओ." त्यांना आवडलं नाही. दोन दिवसांनी मात्र स्वतःच म्हणाले की आम्ही लहान असताना काकवी सणासुदीला चाखायला मिळायची, रोज वाडगाभर कोण देत होतं? माझं म्हणणं एवढंच. गूळ असो, मध असो, मोजायचा साखरेसारखाच. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर वरून गोड काहीच नको, आणि एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातनं जिवावरचं दुखणं होऊ शकतं.

आता पुडा बंद करायचा का? मी केला नाही. त्यात लोह आणि जीवनसत्त्वं घातलेली असतात, घाईच्या दिवशी तो उपयोगी पडतो, आणि दुसरं काहीच न खाणारं किडकिडीत पोरगं असेल तर दुधाबरोबर तो खाल्लेला उपाशी शाळेत जाण्यापेक्षा बरा. मी फक्त त्याची जागा बदलली. नाष्ट्याच्या फळीवरून उचलून बिस्किटांच्या डब्याशेजारी ठेवला. आठवड्यातून एकदा, ३० ग्रॅम, तोलून. रविवारी मिसळ असते म्हणून वार बुधवार ठरवला. वार ठरल्यामुळं रोजची घासाघीस संपली. "आज काय वार?" एवढं विचारलं की धाकटी स्वतःच बोटं मोजते.

एकदम तोडलं असतं तर घरात रणकंदन झालं असतं. मी ज्वारीच्या लाह्या आणल्या. नागपंचमीला आणतो त्याच, फक्त आता वर्षभर. पहिला आठवडा दोन वाट्या गोड गोळ्यांत एक वाटी लाह्या. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या-निम्म्या. तिसऱ्यात धाकटीनं ओळखलं. चमच्यानं गोळ्या बाजूला काढत म्हणाली, "बाबा, पांढरं लई झालंय." मी मागं फिरलो, चार दिवस परत निम्म्यावर राहिलो, मग पुढं सरकलो. पाच आठवडे लागले. आता लाह्या, दूध, पिकलेलं केळं कुस्करून आणि वर चमचाभर दाण्याचं कूट. केळ्याची गोडी पुरते. लहान पोरांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात, कूटच घाला.

दुधाचं एक. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं दूध समोर पिळून प्यायला देणारं आपलं गाव, आणि आपलीच पोरं चॉकलेटी पावडर घातल्याशिवाय दुधाला तोंड लावत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या पावडरीचा तक्ताही असाच उलटून वाचा. २०२४ साली सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. आम्ही पावडर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत आणली.

बाकीचे दिवस उप्पीट, धपाटं दह्याबरोबर, नाचणीची आंबील, नाहीतर रात्रीची भाकरी दुधात कुस्करून. पहिले पंधरा दिवस दहाच्या सुट्टीतला डबा परत यायला लागला. मी घाबरलो, बायको म्हणाली, "अहो, भूक लागत नाही कारण सकाळचं पोटात टिकतंय." डब्यातली चपाती एकानं कमी केली, डबा रिकामा यायला लागला.

लाह्या घेताना एक चिमूट तोंडात टाकून बघा, खवट लागल्या तर घेऊ नका. दूध कोमट घ्या, कढत दुधात त्यांचा लगदा होतो आणि पोरं ताट सारतात. पावसाळ्यात लाह्या मऊ पडल्या तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परता, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.