शेजाऱ्यांची नववर्षं फळ्यावर कशी लिहावीत

दादरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली फळा आहे. पाणी बंद असल्याची सूचना आणि सणाच्या शुभेच्छा, दोन्ही त्यावरच. खडू बारा वर्षं माझ्याकडे होता. आता नव्या सेक्रेटरींसाठी लिहून ठेवतो.

जानेवारीत नवं कॅलेंडर टांगलं की पेन आणि पेन्सिल घेऊन बसा. तमिळ पुथांडू १४ एप्रिल, पेनने. बंगाली पोइला बैशाख बहुधा १५ला. सूर्य मेषेत शिरला की ही वर्षं बदलतात, त्यामुळे तारीख फार हलत नाही.

गुढीपाडवा मात्र मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवरून उतरवू नका. चांद्रवर्षामुळे तो साधारण अकरा दिवस अलीकडे येतो आणि अधिक महिना पडला की पुढे उडी घेतो. शकाचा आकडा लिहायचा तर इसवी सनातून ७८ वजा करा: २०२६चा पाडवा म्हणजे शके १९४८. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती मंडळींचं वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आपल्या दिवाळी पाडव्याला. त्यांच्या विक्रम संवताच्या आकड्यासाठी इसवी सनात ५७ मिळवा आणि 'साल मुबारक' लिहा. बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारं ज्यू कुटुंब असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात बघा. त्यांच्या नववर्षाला छान मराठी नाव आहे, 'नव्याचा सण'.

पारशांच्या बाबतीत मी तोंडावर आपटलो होतो. रंगीत खडूने 'पतेतीच्या शुभेच्छा' लिहिलं, दोन फुलंही काढली. दुसऱ्या मजल्यावरच्या आंटी काठी टेकत उतरल्या, फळा वाचला आणि म्हणाल्या, "दीकरा, पतेती काल झाली. आज नवरोज." पतेती वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुकांची माफी मागण्याचा. आणि मी फुलं काढून मोकळा! मुंबईतले बहुतेक पारशी शहेनशाही पंचांग पाळतात. त्यात वर्ष ३६५ दिवसांचं, लीपचा दिवस धरतच नाहीत. म्हणून नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकतो. २०२३ला १६ ऑगस्ट होता, २०२४पासून १५. सध्या झेंडावंदन आणि नवरोज एकत्रच. २०२८ला १४ होईल.

हिजरी वर्ष पेन्सिलने. चंद्र दिसल्याशिवाय मोहरम लागत नाही आणि दिवस संध्याकाळीच सुरू होतो. आमच्या तळमजल्यावरचं कुटुंब शिया आहे, त्यांचे हे शोकाचे दिवस. तिथे 'मुबारक' लिहू नका. मी पांढऱ्या खडूने एवढंच लिहायचो: 'आजपासून मोहरम.'