स्लोला न टिकणारं इंजिन आणि झिजलेला शाफ्ट

बोटीच्या इंजिनांचं काम शिकत होतो, तेव्हा एका जुन्या पेट्रोल इंजिनाने मला पुरता घाम फोडला. वेग दिला की छान ओढायचं. स्लोला, म्हणजे कमीत कमी वेगावर, आणलं की थरथरायचं, मिसिंग मारायचं आणि गिअर टाकताच बंद पडायचं. मी कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उतरवला, त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक वाटा, साफ केले, दुरुस्तीचं नवीन किट टाकलं. फरक शून्य. पुन्हा उतरवला, पुन्हा तेच.

ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्या मेस्त्रींनी थ्रॉटलचा लिव्हर दोन बोटांत धरला आणि वर-खाली हलवला. टिकटिक आवाज आला. लिव्हर ज्यावर बसतो तो शाफ्ट, म्हणजे दांडा, आपल्या भोकात चक्क खेळत होता. किटमध्ये गॅस्केट, नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) आणि तिची सीट येतात. शाफ्टचं भोक झिजलं असेल तर त्यावर किटमध्ये काहीच नसतं.

यामागचं कारण नीट समजून घ्या. स्लोला बटरफ्लाय, म्हणजे त्या शाफ्टवरचा हवेचा पडदा, जवळजवळ बंद असतो आणि त्याच्या खाली जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. त्या ओढीने शाफ्टच्या फटीतून फुकटची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम उतरतो, मुख्य वाटेनेच भरपूर हवा येते, मग ती फट जाणवतही नाही. म्हणून वेगात इंजिन ठणठणीत वाटतं. स्लोचं मिश्रण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू फिरवूनही आवाजात फरक पडत नसेल, तर हवेची गळती आधी शोधा.

खात्री करायची तर चालू इंजिनात शाफ्टच्या टोकाशी जाड तेलाचे दोन थेंब सोडा. क्षणभर इंजिन सुधारलं, तर चोर सापडला. इथे कार्ब क्लीनरचा, म्हणजे पेट घेणाऱ्या सफाई द्रवाचा, फवारा मारायची सवय अनेकांना असते. बोटीत ते करू नका, कळकळीने सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीत सगळं पेटतं. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (ही वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान 4 मिनिटं चालवा, फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरवरची ज्वाला अडवणारी जाळी) काढून इंजिन चालवू नका. गाडीचा कार्ब्युरेटर स्वस्तात मिळतो म्हणून तोही बसवू नका. बोटीच्या कार्ब्युरेटरची रचनाच अशी असते की जास्तीचं पेट्रोल बाहेर न सांडता आत जावं.

अर्थात, कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि इग्निशन (ठिणगी) तपासलेलं असावं. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर स्क्रू फिरवून काही होत नाही. काळा धूर आणि काजळलेले प्लग दिसले, तर गळती हवेची नाही, पेट्रोलची. नीडलच्या टोकावर झिजेचं कडं पडलंय का ते बघा.

आम्ही शाफ्टचं भोक रीमरने, म्हणजे भोक नेमकं मोठं करणाऱ्या हत्याराने, मोठं करून त्यात पितळी बुश (नळीसारखी कडी) टाकले. बटरफ्लायचे स्क्रू सुटू नयेत म्हणून त्यांची टोकं ठोकून पसरवलेली असतात. परत बसवताना ती पुन्हा ठोका, नाहीतर सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. बटरफ्लाय उजेडासमोर धरून कडेने सारखा बसलाय ना, हेही बघा.

मग मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, तिथून दीड फेरा बाहेर. जोर लावलात तर टोकावर खाच पडते. इंजिन गरम झालं, बोट घट्ट बांधली, गिअर टाकला. या वेळी पाव फेऱ्यालाच आवाज बदलला.