जुनी पॉवरफुल एअर रायफल: आधी सील बघा, मग छर्रे निवडा

जुनी स्प्रिंगवाली रायफल हातात आली की लगेच स्प्रिंग बदलायच्या मागे लागू नका, आधी स्टॉकचे (लाकडी दस्त्याचे) स्क्रू आवळा, मग ब्रीचच्या (नळीच्या मागच्या, छर्रा भरायच्या तोंडाच्या) सांध्यावर टिश्यूचा तुकडा ठेवून सुरक्षित बॅकस्टॉपवर (छर्रा अडवणाऱ्या आडोशावर) एक छर्रा मारा, कागद उडाला म्हणजे तिथलं सील (हवा अडवणारी रिंग) गेलं. पिस्टनचं सील चामड्याचं नसेल तर चेंबरमध्ये (पिस्टन हवा दाबतो त्या नळकांड्यात) तेल नको, डिझेलिंग (दाबाने तेल पेटणं) होऊन सील जळू शकतं.

छर्रा फार हलका असला की पिस्टन जोरात आदळतो, म्हणून ५.५ मिमी नळीला १४ ते १६ ग्रेनचे (ग्रेन हे छर्र्याच्या वजनाचं माप) गोल डोक्याचे घ्या. अंगठ्याने दाबल्यावर घट्ट बसला पाहिजे, आपोआप आत घरंगळला तर तो साइझ सोडाच. तीन-चार प्रकार आणून रायफल सैल धरून प्रत्येकी ५ मारा, ज्याचा ग्रुप (पाच छिद्रांचा घोळका) सगळ्यात लहान येतो तोच ठेवा.