गावाजवळच्या जुन्या थर्मलचा इतिहास आणि परिणाम कसा नोंदवून ठेवायचा

माझी आत्या परळीजवळच्या एका खेड्यात दिलेली. लहानपणी सुट्टीत तिकडं गेलो की सकाळी रांजणाच्या झाकणीवर बोट फिरवलं तर रेघ उमटायची, आत्या ती झाकणी पदरानं पुसूनच पाणी काढायची, आणि कडब्याची पेंढी सोडली की आधी दोनदा जमिनीवर आपटायची, करड्या धुळीचा लोट उठायचा, मग ती बैलापुढं जायची. आम्हाला वाटायचं सगळ्या गावात असंच करतात. सोलापूरला आल्यावर कळलं की कडबा कुणी आपटत नाही.

गेली दोन वर्षं मी त्या थर्मलची, म्हणजे परळीच्या कोळशावरच्या वीज केंद्राची, माहिती जमवतोय आणि त्यात जे शिकलो ते इथं लिहितोय, कारण आता आपल्या दक्षिण सोलापुरात फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीचे ६६० मेगावॅटचे दोन संच (संच म्हणजे वीज तयार करणारं एक स्वतंत्र यंत्र) उभे आहेत, पहिला २०१७ ला आणि दुसरा २०१९ ला चालू झाला. ते अजून जुनं नाही. पण होणारच आहे, आणि "आधी कसं होतं" हे सांगणारी माणसं आणि विहिरी आज आपल्याकडं आहेत. परळीत मला सगळ्यात जास्त अडलं ते इथंच.

पहिलं काम म्हणजे केंद्राचं नाही, प्रत्येक संचाचं वय काढायचं. आपण सरसकट "थर्मल जुनं आहे" म्हणतो पण एका कंपाउंडमध्ये आजोबा आणि नातू दोघं असतात. परळीत ३० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७१ आणि १९७२ चे, मग २१० मेगावॅटचे तीन १९८०, १९८५ आणि १९८७ ला, आणि २५० चे तीन २००७, २०१० आणि २०१६ ला. जुने टप्प्याटप्प्यानं बंद पडले, आज २५० वालेच उरलेत. एकलहऱ्याला, म्हणजे नाशिकला, तसंच, पहिले दोन गेले आणि १९८० च्या आसपासचे २१० वाले मागं राहिले. वहीत आडव्या रेघा मारून संच, क्षमता, चालू झाल्याचं साल, बंद झाल्याचं साल, मालक कोण एवढं लिहा. मालक का, तर राज्यातली जुनी केंद्रं आधी वीज मंडळाची होती, ते मंडळ २००५ ला फुटलं आणि ती महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीकडं गेली, त्यामुळं त्याआधीची कागदपत्रं मागताना "आमच्याकडं नाहीत" हे उत्तर येऊ शकतं, आणि तेव्हा कुणाकडं होती हे तुम्हाला माहीत पाहिजे.

सालाचा दुसरा उपयोग मोठा आहे. हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, आणि प्रकल्प उभारायच्या आधी परिणामाचा अभ्यास करायचा हे बंधन आलं १९९४ ला. म्हणजे १९७१ चा, १९८० चा संच पेटला तेव्हा आसपासच्या विहिरींचं पाणी कसं होतं, हवेत धूळ किती होती, याचा अहवाल करायचं बंधनच नव्हतं. मी सहा महिने तो "आधीचा अहवाल" शोधत फिरलो, मग एका निवृत्त ऑपरेटर काकांनी सांगितलं, अरे तो असणारच नाही, तेव्हा कोण करत होतं. म्हणून जुन्या केंद्राच्या बाबतीत आधीचं चित्र आपल्यालाच उभं करावं लागतं, जिल्हा गॅझेटियर, जनगणनेची गाववार पुस्तिका, भारतीय सर्वेक्षणचे जुने नकाशे, जुने सातबारे (कुठलं पीक होतं ते पीकपाहणीत दिसतं) आणि म्हाताऱ्या माणसांची आठवण यातून.

आठवण गोळा करायची पण पद्धत आहे. "प्रदूषण झालं का हो" असं विचारलं की माणूस एकतर रागानं बोलतो नाहीतर नोकरीतल्या पोराचा विचार करून गप्प बसतो. त्यापेक्षा हातातलं विचारा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची का आणि कधीपासून शिजेना, धुणं दोरीवर किती वेळ ठेवायचे, कापसाचं बोंड फुटल्यावर रंग कसा दिसायचा, आंब्याला मोहोर कुठल्या बाजूला कमी. आणि साल विचारू नका, साल कुणाला आठवत नाही, बहात्तरच्या दुष्काळाआधी का नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या आधी का नंतर असं विचारा, आपल्या पट्ट्यात या दोन खुणा कुणीच विसरलेलं नाही. आत्यानं असंच सांगितलं की भूकंपाच्या वर्षी घराची पडझड नीट करताना माळवदावरची माती काढली तर खाली बोटभर करडा थर निघाला. हे कुठल्याच कागदात सापडणार नाही.

चांगलं पण लिहा, मनापासून लिहा. थर्मलमुळं परळीत कॉलनी झाली, शाळा झाली, दुकानं वाढली, किती घरांत पहिला पगार त्यातून आला, आणि मराठवाड्यातल्या विहिरींवरच्या मोटारी याच विजेवर फिरल्या. जमीन गेली ती कुणाची, नोकरी लागली ती कुणाला, हे दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं की इतिहास खरा वाटतो. राखेवर काम करणारे ठेकेदाराचे कामगार मात्र कायम सुटतात. त्यांना मुद्दाम भेटा.

आता हिशोब. हा भाग अवघड वाटतो पण नाही. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीनं २४ तास चालला तर ५० लाख ४० हजार युनिट वीज होते. एका युनिटला आपला भारतीय कोळसा साधारण ७०० ग्रॅम धरा, जुन्या संचाला थोडा जास्तच लागतो, म्हणजे रोज साडेतीन हजार टन, म्हणजे जवळपास एक अख्खी मालगाडी. होटगी जंक्शनवर उभं राहून कोळशाची गाडी जाताना डबे मोजा, ५८-५९ भरतात, तेवढा कोळसा एक छोटा जुना संच एका दिवसात खातो. त्या कोळशात राख ३५ ते ४० टक्के, म्हणजे रोज बाराशे ते चौदाशे टन राख, हायवा ट्रक २० टनाचा धरला तर साठ-सत्तर खेपा. त्यातली ऐंशी टक्के पिठासारखी बारीक उडती राख आणि बाकी बॉयलरच्या तळाला पडणारी जाड. कार्बन डायऑक्साइड युनिटमागं एक किलोच्या आसपास.

पण संच वर्षभर पूर्ण ताकदीनं कधीच चालत नाही, म्हणून खरा आकडा पीएलएफ वरून काढायचा, म्हणजे शक्य होती त्याच्या किती टक्के वीज झाली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या साइटवर केंद्रवार, संचवार रोजचे आणि महिन्याचे आकडे असतात, फुकट. समजा ६० टक्के आला तर त्या एका संचाची वर्षाची वीज ११० कोटी युनिट, राख पावणेतीन ते तीन लाख टन. असं वर्षावर्षाचं मांडत गेलं की चाळीस वर्षांत राख किती झाली ते समोर येतं, आणि मग विचारायचं की ती गेली कुठं.

ती बऱ्यापैकी तळ्यात गेली. राख पाण्यात कालवून पाइपनं तळ्यात सोडतात, परळीत दाऊतपूर, दादाहरी वडगावच्या बाजूला ही तळी आहेत. पावसाळ्यात तळं ओलं असतं तेव्हा काही दिसत नाही, खरी परीक्षा मार्च ते मे. वरचा थर सुकतो आणि दुपारचं वारं सुटलं की पांढरट पडदा उठतो. तुम्हाला जायचं असेल तर उन्हाळ्यात जा, दुपारी तीननंतर, आणि वारं कुठून कुठं आहे ते आधी लिहा. तळ्याचा इतिहास बघायला गुगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं काढा, बंधारा कधी उंच झाला, तळं कुठल्या शेतापर्यंत सरकलं हे स्पष्ट दिसतं. राख वापरायचा नियम १९९९ पासून आहे, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं शंभर टक्के राख वापरायची आणि तळ्यात साठलेली जुनी राखही दहा वर्षांत संपवायची असं ठरवलं, सिमेंट, विटा, रस्त्याचा भराव यात. त्यामुळं आता राख रस्त्यावर आली, बंद टाकीचे बल्कर आणि उघडे हायवा. तर रस्त्याकडंच्या घरांची पण नोंद घ्या, नुसती तळ्याजवळची नको.

दोन गोष्टीत गल्लत करू नका, मी केली होती. एक म्हणजे ते मोठं कमरेत बारीक असलेलं कुलिंग टॉवर, त्यातून निघतो तो पांढरा ढग पाण्याच्या वाफेचा, धूर नाही. धूर उंच बारीक चिमणीतून, आणि तो नीट चालू असताना डोळ्याला जवळपास दिसत नाही. करडा काळपट लोट दिसला तर धूळ पकडणारी यंत्रणा, ईएसपी म्हणतात तिला, विजेच्या पट्ट्यांना राख चिकटवून खाली पाडायची, तिचा काही भाग बंद असण्याची शक्यता, तारीख वेळ टाकून फोटो काढा. दुसरी गल्लत आपल्या सोलापूर जिल्ह्यात हमखास होणार, कारण साखर कारखाने इतके. उसाच्या चिपाडाची राख काळी, हलकी, पापुद्र्यासारखी असते, चोळली की काजळी होते. कोळशाची राख करडी आणि चिमटीत धरली तर टाल्कम पावडरसारखी सुळसुळीत. गच्चीवर स्टीलचं ताट २४ तास ठेवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसा, फडकं वाळवून तारीख लिहून पिशवीत ठेवा. हा काही प्रयोगशाळेचा पुरावा नाही पण कुठल्या महिन्यात किती, हे वर्षभरात लक्षात येतं.

धुराची मर्यादा संचाच्या वयावर आहे म्हणून सुरुवातीला साल काढायला सांगितलं. डिसेंबर २०१५ च्या नियमात २००३ संपायच्या आधीच्या संचांना धुराच्या घनमीटरला धूळ १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, २००४ ते २०१६ मधल्यांना ५०, आणि २०१७ पासूनच्या नव्यांना ३०. सल्फर डायऑक्साइडची मुदत मूळ २०१७ ची होती, ती पुढं पुढं ढकलत नेली, आणि जुलै २०२५ ला देशातल्या बहुतेक संचांना त्या मर्यादेतून सूटच दिली. मला हे अजिबात पटलेलं नाही. पण नोंद करताना त्या वर्षी लागू असलेला नियमच शेजारी लिहा, आजचा नियम १९८५ ला लावू नका.

पाण्याचं आपल्याला सोलापुरात सांगायची गरज नाही, चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात राहतो आपण. कुलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्राला मर्यादा मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, साडेतीन हजार लिटर. २१० चा संच पूर्ण चालला तर दिवसाला पावणेदोन कोटी लिटर, म्हणजे दहा हजाराचे साडेसतराशे टँकर. परळीचं केंद्र २०१३ च्या आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, ती दोन वर्षं वहीत ठळक लिहा. आपल्या एनटीपीसीचं पाणी उजनी धरणातून येतं, शहराचंही उजनीतून. उजनीची टक्केवारी आणि त्या महिन्याचा पीएलएफ शेजारी शेजारी मांडायला आजपासून सुरुवात केली तर वीस वर्षांनी त्या वहीला मोल येईल. २०१६ पासून नियम आहे की सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत असलेल्या थर्मलनं ते शुद्ध केलेलं पाणी वापरायचं, तर किती वापरलं हा प्रश्न दरवर्षी विचारायचा.

विचारायचा म्हणजे माहिती अधिकारात. त्याआधी जे उघड असतं ते बघा, पर्यावरण मंजुरी मिळालेल्या केंद्रांना दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला पर्यावरण विवरण. या अहवालांत राख, पाणी, धूर सगळं असतं. नसेल तर अर्ज. राज्याच्या ऑफिसला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर. माझा पहिला अर्ज एका ऑफिसनं परत पाठवला, त्यात मी राख आणि पाणी दोन्ही विचारलं होतं. महिना गेला. आता एक अर्ज एक विषय, आणि "प्रदूषण किती" असं न विचारता "संच क्रमांक अमुक, साल अमुक ते अमुक, विवरणाची प्रत" असं मागतो. एनटीपीसी केंद्र सरकारची आहे, तिथं पोस्टल ऑर्डर चालते आणि पाचशे शब्द. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला उशीर करू नका.

विहिरीचं पाणी तपासताना एकच विहीर घेऊ नका, तळ्याच्या खालच्या अंगाची एक आणि वरच्या अंगाची एक, लांबची. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकणाखाली हवा नको, विहिरीतली पातळी दोरीनं मोजून लिहा. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. विरघळलेले क्षार, सल्फेट, फ्लोराइड आणि जमलं तर आर्सेनिक, जड धातू. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, सल्फेट २०० आणि ४००. एका तपासणीवरून "राखेनंच झालं" म्हणू नका, खतं आणि खडक पण असतात, दोन विहिरींतला फरक तीन-चार वर्षं सारखा येतोय का ते बघायचं. आजारांचं तर अजूनच जपून, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा, त्यांनी सांगितलं तेवढंच लिहा.

सगळं झालं की तीन प्रती काढा, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक शहरातल्या वाचनालयात. मोबाईलमध्ये ठेवू नका नुसतं, माझे परळीचे पहिले चाळीस फोटो फोनबरोबर गेले. आणि घाई करा. सोलापुरातल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला आपल्या डोळ्यासमोर काही सेकंदात खाली आली, तिच्या सावलीत राहिलेल्या किती जणांशी कुणी बोलून ठेवलं होतं मला माहीत नाही. थर्मलचंही तसंच होतं, संच बंद पडला की कॉलनी रिकामी होते आणि माणसं पुणे-संभाजीनगरला पोरांकडं निघून जातात.

होटगीच्या बाजूच्या दोन विहिरींचं पाणी मी या मे मध्ये भरून तपासायला दिलंय. दिवाळीनंतर परत भरणार आहे, आहेरवाडी, फताटेवाडीकडं कुणाची जुनी विहीर असेल आणि आजोबा बोलायला तयार असतील तर सांगा, मी वही घेऊन येतो.